ग्राफाइटपासून ग्राफीन, ग्राफीनपासून पारदर्शक वाहक लेप : आमचं नेमकं कुठे अडतंय?

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. एमएस्सीची चार मुलं आणि मी गेलं दीड वर्ष एकाच गोष्टीच्या मागे आहोत. ग्राफाइटच्या पुडीतून ग्राफीन काढायचं आणि काचपट्टीवर त्याचा पातळ लेप बसवायचा. लेप असा हवा की पट्टीतून पलीकडचं वाचता यावं आणि त्याच लेपातून वीजही वाहावी. दोन्ही एकदम जमत नाहीये. लेप पातळ केला की वीज अडते, जाड केला की काच काळी पडते. इथे रसायनवाले आहेत, काचेच्या धंद्यातले आहेत, बाहेरदेशी संशोधन करणारे आहेत, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं आधी. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. एका पापुद्र्यातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन पापुद्र्यांमधली पकड अगदी सैल असते. त्यांच्यातलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. पेन्सिल ओढली की कागदावर जे उतरतं ते हे घसरलेले थरच. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख पापुद्रे बसतात. त्यातला एक सुटा केला की झालं ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने सोलून तो वेगळा केला आणि २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मूळचे केरळचे राहुल नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच २००८ मध्ये मोजून दाखवलं की असा एक पापुद्रा फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो. बाकीचा ९७.७ टक्के आरपार जातो. एका अणूइतक्या जाडीची वस्तू, आणि ती डोळ्याला जेमतेम दिसावी इतका प्रकाश अडवते, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी तितकंच नवल वाटतं.

हा खटाटोप कशासाठी, तर मोबाइलच्या पडद्यावर, सौर घटांवर आज जो पारदर्शक वाहक लेप असतो तो इंडियम टिन ऑक्साइडचा, म्हणजे आयटीओचा. इंडियमची वेगळी खाण नसते, ते मुख्यतः जस्ताच्या धातुकातून जोडीला मिळतं. शिवाय आयटीओ ठिसूळ. ग्राफाइट आपल्या देशात झारखंडच्या पलामूत, ओडिशात, तमिळनाडूत शिवगंगेला सापडतं.

आमची पद्धत हमर्स या रसायनशास्त्रज्ञाची, म्हणजे ग्राफाइटच्या थरांत ऑक्सिजन घुसवून त्यांची पकड सोडवायची. ग्राफाइट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट. मग पाणी, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडचे थेंब पडताच तपकिरी काला हळदीसारखा पिवळा होतो, मुलांना तो क्षण फार आवडतो. मग धुणं. त्यानंतर दोन तास सोनिकेटर (ध्वनिलहरींनी हादरवणारं यंत्र), मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून जड कण खाली बसवणं, मग स्पिन कोटिंग, म्हणजे फिरत्या काचेवर द्रावण पसरवणं. वाळलेला लेप ९० अंशांच्या व्हिटॅमिन सीच्या द्रावणात ठेवून ऑक्सिजन काढतो. हाती काय येतं? ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा ७० टक्के प्रकाश पार, आणि शीट रोध सुमारे ४ लाख ओहम प्रति चौरस. थर सुटे झालेत, एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत, २६.५ अंशांचं ग्राफाइटचं शिखर पूर्ण गेलंय. मग वीज कुठे अडते?

मृगजळ

सर, उत्तराआधी एक प्रश्न. परमँगनेट घालताना तापमान किती ठेवता? थर्मामीटर बीकरच्या आत असतो की बर्फात?

विचारते कारण मी शिकत होते त्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहिलंय. एका मुलाला घाई होती, त्याने चमचाभर परमँगनेट एकदम टाकलं. बाहेर बर्फ होता, पण आतला काला घट्ट, उष्णता बाहेर पडायला जागाच नाही. काला गर्द हिरवा झाला, फसफसला आणि बीकरबाहेर उडाला. हूडची काच खाली ओढलेली होती म्हणून त्याचा चेहरा वाचला, मनगटावरचा डाग अजून आहे. तीव्र आम्लात परमँगनेट पडलं की मँगनीज हेप्टॉक्साइड बनतं आणि ते ५५ अंशांच्या आसपास स्फोट होऊन विघटतं. चिमूट चिमूट घालायचं, आतलं तापमान १० अंशांच्या खाली, आणि एकट्याने कधीच नाही.

दुसरं, तुमच्या कृतीत सोडियम नायट्रेट नाही हे वाचून बरं वाटलं. १९५८ च्या मूळ हमर्स कृतीत ते आहे, आणि त्याने नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी धूर निघतो. २०१० मध्ये राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने नायट्रेट काढून फॉस्फोरिक आम्ल घातलं. धूर गेला आणि ऑक्सिडेशनही नीट झालं. तशी हमर्सची कृती तिच्या काळात सुरक्षितच मानली गेली. त्याआधी पोटॅशियम क्लोरेट आणि नायट्रिक आम्ल वापरायचे, ब्रोडींच्या १८५९ च्या प्रयोगापासून. ब्रोडींना ग्राफीनशी काही देणंघेणं नव्हतं, ते ग्राफाइटचा अणुभार शोधत होते.

शिसपेन्सिल

ताई, थर्मामीटर आतच असतो आणि मी स्वतः शेजारी उभा असतो. पण एका खेपेला किती ग्राम, यावर आम्ही मर्यादा घातली नव्हती. आता एक ग्राम ग्राफाइटच्या वर जायचं नाही असं प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवतो.

अनघड

सर, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओहम प्रति चौरस म्हणजे कोणता चौरस? सेंटिमीटरचा की मीटरचा?

शिसपेन्सिल

कोणताही. हा प्रश्न माझी एमएस्सीची मुलंही विचारतात, म्हणून सावकाश सांगतो. लेपाचा एक चौरस तुकडा घे आणि समोरासमोरच्या दोन कडांना तारा जोड. आता तुकडा लांबीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट कर. विजेला दुप्पट अंतर जायचंय म्हणून रोध दुप्पट, पण वाटही दुप्पट रुंद झाली म्हणून निम्मा. हिशेब जिथल्या तिथे. म्हणजे जाडी तीच असेल तर चौरस नखाएवढा असो की अंगणाएवढा, रोध सारखाच. तोच शीट रोध.

मोजताना मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवू नकोस, पिना जिथे टेकतात तिथला रोधही त्यात मिसळतो. एका ओळीत समान अंतरावर चार टोकं घ्यायची, बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांमधला विजेचा दाब (व्होल्टेज) मोजायचा. दाब भागिले प्रवाह, गुणिले ४.५३. लेपाचा आकार टोकांमधल्या अंतराच्या मानाने बराच मोठा असला तरच हा गुणक लागू.

काचकाम

मी काचेवर लेप देणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं काढली. निर्वात पेटीत स्पटरिंगने, म्हणजे अणूंचा फवारा मारून, आयटीओ चढवायचो. आयटीओची चांगली काच म्हणजे १० ते १५ ओहम प्रति चौरस आणि ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार. शिसपेन्सिल सर, तुमचे ४ लाख आणि आमचे १० यांच्यात फार मोठी दरी आहे, आणि ती तुम्ही या वाटेने भरून काढाल असं मला वाटत नाही. पण भरायलाच हवी असंही नाही.

गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते आधी बघा. सौर घट आणि ओएलईडी दिवे यांतून प्रवाह खेचायचा असतो, तिथे १० ओहम लागतातच. टच पॅनेलला काहीशे ओहम चालतात. विजेचं बटण दाबल्यावर दुधाळ काच पारदर्शक होते ना, त्या फिल्मला दाब लागतो पण प्रवाह नगण्य, तिथे हजारांतला रोधही खपतो. आणि धूळ चिकटू नये म्हणून जो स्थिर वीज वाहून नेणारा लेप देतात, तिथे तर दहा लाख ओहमही चालतात. म्हणजे तुमचा आत्ताचा लेपही एका कामाला लायक आहे.

आयटीओचं खरं दुखणं वाकण्यात आहे. प्लास्टिकच्या फिल्मवर चढवून ती बोटाभोवती गुंडाळली की लेपाला तडे जातात. साध्या डोळ्याला दिसत नाहीत, मीटरवर लगेच दिसतात. ग्राफीनच्या लोकांनी तिकडे जोर लावावा.

तळटीप

या हमर्सच्या भानगडीत पडण्यापेक्षा तयार ग्राफीन पावडर विकत का घेत नाही, असं मी विचारणार होतो, पण माझाच अनुभव आठवला. दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून ‘एक ते तीन थरांचं ग्राफीन’ असं लेबल असलेली बाटली मागवली. कॉलेजच्या मानाने बरेच पैसे गेले. रमन तपासणीला (लेसरचा विखुरलेला प्रकाश बघून पदार्थ ओळखतात ती) दिली तर २७०० च्या शिखराला ग्राफाइटचा तो ओळखीचा खांदा. एक थर असता तर ते शिखर एकच, अरुंद आणि १५८० च्या शिखरापेक्षा उंच आलं असतं. म्हणजे आलं होतं ते बारीक दळलेलं ग्राफाइट. तक्रारीला उत्तर आलं नाही. त्यावर काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीचं एक सत्र त्यात गेलं, त्याचा राग मला आजही आहे.

पुढे वाचनात आलं की २०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले, तर बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं. तेव्हा विकत घ्याल तरी आधी नमुना मागा आणि तपासून घ्या. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचे नमुनेही तपासून मिळतात.

डब्लिनकर

मी इथे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये द्रवात ग्राफाइट सोलण्यावर काम करतो, मूळचा सांगलीचा. सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि माझा संशय एकाच वाक्यावर आहे : ‘दोन तास सोनिकेटर’.

काचेवर जे बसतं ते अखंड ग्राफीन नाही, पापुद्र्यांचे तुकडे एकमेकांवर पडून झालेली गोधडी आहे. तुकड्याच्या आत वीज बऱ्यापैकी पळते, पण एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना अडखळते. आता मोजा. तुकडा एक मायक्रॉनचा असेल तर एक सेंटिमीटर जाण्यासाठी साधारण १० हजार सांधे ओलांडावे लागतात. तुकडा २० मायक्रॉनचा असेल तर ५००. ग्राफाइट ऑक्साइडमध्ये थरांमधलं अंतर ०.७ ते ०.८ नॅनोमीटरपर्यंत वाढलेलं असतं आणि प्रत्येक थरावर ऑक्सिजनचे गट असतात, त्यामुळे ते पाण्यात नुसतं हलवत ठेवलं तरी सुटं होतं. सोनिकेटरने तुम्ही थर सोडवत नाही आहात, सुटलेल्या पापुद्र्यांचा चुरा करताय. थर सुटे करणं या पद्धतीत सोपं आहे. पापुद्रा मोठा ठेवणं, हे खरं काम.

म्हणून पहिली सूचना : बारीक पुडीऐवजी मोठ्या पत्रीचं ग्राफाइट घ्या आणि सोनिकेटर बंद. शेकरवर रात्रभर मंद हलवा. सेंट्रिफ्यूजचा वेग आधी कमी ठेवून न फुटलेले कण खाली बसवा. मग वेग वाढवा, आणि त्या वेळी तळाशी बसतं ते वापरा, वर तरंगतो तो चुरा टाका. बरेच जण नेमकं उलट करतात, वरचं निवळ दिसतं म्हणून तेच ठेवतात.

दुसरं, जखमा. ऑक्सिडेशनमध्ये पापुद्र्याला भोकं पडतात, ऑक्सिजन काढला तरी सगळी बुजत नाहीत. व्हिटॅमिन सी सौम्य आहे, त्याने अर्धंच काम होतं. २००८ मध्ये जर्मनीत माइन्झला म्युलेन यांच्या गटाने १० नॅनोमीटर जाडीचा असाच लेप १,१०० अंशांना तापवला, वाहकता आली ५५० सीमेन्स प्रति सेंटिमीटर. त्याचा भागाकार केला तर शीट रोध १,८०० ओहमच्या आसपास येतो. पण त्यांच्याकडे क्वार्ट्झ होतं. तुमची साधी काचपट्टी त्याच्या अर्ध्या तापमानालाच मऊ पडू लागेल.

तुलनेसाठी एक आकडा जवळ ठेवा. नुसता रोध किंवा नुसती पारदर्शकता सांगून काही कळत नाही, दोन्ही एकत्र बघायला हवं. त्यासाठी विजेच्या वाहकतेचं प्रकाशीय वाहकतेशी गुणोत्तर काढतात : १८८.५ ला शीट रोधाने भागायचं, मग पारदर्शकतेच्या व्यस्ताच्या वर्गमुळातून १ वजा करून जे येईल त्याने पुन्हा भागायचं. ९० टक्के आणि १०० ओहम यांना येतात ३५. आयटीओच्या १० ओहमला येतात सुमारे ३५०. तुमचं येतं ०.००२४. खचून जाऊ नका, लेप जाड-पातळ केला म्हणून हा आकडा फसत नाही, म्हणून खरी सुधारणा झाली की नाही ते यातच दिसेल.

आमच्याकडची वाटही सांगतो. २००८ मध्ये इथल्या कोलमन यांच्या गटाने ग्राफाइट एनएमपी नावाच्या द्रवात सोनिकेटरने सोलून दाखवलं. ऑक्सिडेशनच नाही, म्हणून जखमाही नाहीत. पण मिलिलिटरला ०.०१ मिलिग्राम इतकंच मिळालं आणि त्यात एकपदरी पापुद्रे वजनाने एक टक्का. २०१४ मध्ये इथेच मिक्सरमध्ये, भांडी घासायच्या द्रव साबणाच्या पाण्यातही ग्राफाइट सोललं. पण पापुद्रे मायक्रॉनहून लहान, म्हणजे पुन्हा सांधेच सांधे. शाई, रंग, प्लास्टिकमध्ये मिसळायला उत्तम, पारदर्शक लेपाला मला स्वतःला ते पटत नाही.

खरा कमी रोध आलाय तो तांब्याच्या पत्र्यावर मिथेन वायूतून १,००० अंशांना वाढवलेल्या ग्राफीनचा. कोरियात २०१० मध्ये ३० इंची पत्रा काढला होता, एका थराला १२५ ओहम आणि ९७.४ टक्के, चार थर आणि नायट्रिक आम्लाची प्रक्रिया, तर ३० ओहम आणि ९० टक्के. पण त्यात ग्राफाइट कुठेच नाही. तुमचा धागा ग्राफाइटचा आहे.

मृगजळ

डब्लिनकर म्हणतात ते पटलं, त्याला धुण्याची जोड देते. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा म्हणजे मँगनीज जातं, मग पाण्याने. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाका. पांढरट झालं तर सल्फेट अजून आहे. आम्लता कमी होऊ लागली की साका फुगतो आणि काकवीसारखा घट्ट होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसेनासा होतो, तिथे मुलं कंटाळून थांबतात. थांबू नका, डायलिसिसच्या पिशवीत भरून आठवडाभर पाणी बदलत राहा. पोटॅशियमचे क्षार उरले तर वाळलेलं ग्राफाइट ऑक्साइड ठिणगीसरशी पेटत जातं. ते वाळवून साठवूच नका, पाण्यातच ठेवा.

अनघड

स्पिन कोटिंगचं यंत्र आमच्याकडे नाही. थेंब टाकून वाळवलं तर चालेल का?

मृगजळ

थेंब वाळताना सगळा माल कडेला जातो, फरशीवर सांडलेल्या चहाचा डाग कसा कडेला गडद होतो तसं. त्यापेक्षा गाळून बघ. सेल्युलोजच्या बारीक छिद्रांच्या गाळणीवर पातळ द्रावण ओतून खालून निर्वात पंप लावायचा. जिथे लेप जाड होतो तिथे पाणी सावकाश जातं, मग वाहणारं पाणी आपोआप पातळ जागेकडे वळतं आणि लेप स्वतःच सारखा होत जातो. मग ओली गाळणी काचेवर उपडी दाबून चिकटवायची आणि ॲसिटोनने गाळणी विरघळवायची. २००८ मध्ये रटगर्स विद्यापीठात छोवाला यांच्या गटाने असेच मोठे लेप केले होते. द्रावण गुळाच्या पाण्याइतकं फिकं हवं, त्याहून दाट नको.

शिसपेन्सिल

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. तुम्ही सांगितलेलं जवळजवळ सगळं केलं.

मोठ्या पत्रीचं ग्राफाइट घेतलं. हातावर घेतलं की चकाकी दिसते, पुडीला ती नव्हती. सोनिकेटर कपाटात ठेवला. डायलिसिसला नऊ दिवस लागले. मुलांनी पाळ्या लावून सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं, रविवारीही. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पापुद्रे दिसले. काचेवर अंधूक, कडेला दुमडलेले, एखाद्याची सुरकुती स्पष्ट. १५ ते ३० मायक्रॉनचे. दीड वर्ष आम्ही जे फोडत होतो ते हेच, हे मुलांच्या लक्षात आलं तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही.

गाळणीची पद्धत वापरली. व्हिटॅमिन सी तसंच ठेवलं, तापवणं अजून केलेलं नाही. ५५० नॅनोमीटरला ७२ टक्के. शीट रोध, पाच पट्ट्यांची सरासरी, ४५ हजार ओहम प्रति चौरस. डब्लिनकरांचा आकडा काढला : ०.०२३. आधीच्या जवळपास दहापट. त्याच पट्टीखाली आमच्यातल्या एका मुलीने वर्तमानपत्र धरलं, बारीक अक्षरातली जाहिरात वाचली, आणि त्याच पट्टीवरून मीटरने प्रवाह दाखवला.

काचकाम काका, तुमचं ऐकून प्लास्टिकच्या फिल्मवरही एक लेप उतरवला. पेन्सिलीभोवती शंभर वेळा गुंडाळला-उलगडला, रोधात मोजण्याजोगा फरक नाही. आता एकच अडचण, जास्त तापवायचं तर क्वार्ट्झ आणि नायट्रोजनची ट्यूब फर्नेस हवी. आमच्याकडे दोन्ही नाही.

काचकाम

शंभर वेळा वाकवून रोध हलला नाही, हे वाचून मन भरून आलं सर. मुलांना माझा आशीर्वाद सांगा. पुढे हजार वेळा करा आणि दर शंभरला आकडा लिहून ठेवा.

मृगजळ

फर्नेसची काळजी करू नका. माझ्या आताच्या प्रयोगशाळेत ट्यूब फर्नेस आहे, आर्गॉनही आहे, आणि बाहेरच्या नमुन्यांसाठी परवानगी मी काढते. क्वार्ट्झच्या सहा पट्ट्या तुमच्याकडे पाठवते, त्यांवर लेप उतरवून परत द्या. एक पट्टी न तापवता ठेवू, तुलनेला लागेल. पाठवताना पट्ट्या खाचांच्या डब्यात उभ्या ठेवा, लेपाला काहीही टेकू देऊ नका, आणि प्रत्येकीच्या मागच्या बाजूला हिऱ्याच्या लेखणीने क्रमांक कोरा. शाईने लिहिलेला भट्टीत उडून जाईल.

शिसपेन्सिल

ताई, सोमवारी द्रावण तयार असेल. क्रमांक मुलं कोरतील.